पटावरचा शेजार

ठाण्यातल्या टेंभी नाक्यावरून कुठल्याही दिशेला दहा मिनिटं चाललं, तरी हे शहर किती प्रकारच्या माणसांनी मिळून वसवलं आहे ते समजतं. पारशांची अग्यारी इथे आहे. सिव्हिल रुग्णालयाच्या परिसरात बेने इस्रायली समाजाचं १८७९ सालचं सिनेगॉग आहे. मुनिसुव्रतस्वामींचं जैन मंदिर नाक्यावरच आहे, आणि तलावपाळीच्या बाजूला वळलं की कोपिनेश्वर आणि सेंट जॉनचं चर्च एकमेकांपासून फार लांब नाहीत. नवरात्रात इथल्या दुर्गेश्वरी देवीच्या दर्शनाला किसननगरच्या खोलीत राहणारं कुटुंब आणि घोडबंदर रस्त्यावरच्या तिसाव्या मजल्यावर राहणारं कुटुंब एकाच रांगेत पुढेमागे उभं असतं. दहीहंडीच्या थरांत कोण कुणाच्या खांद्यावर पाय ठेवतो, हे तिथे कुणी विचारत नाही.

याच नाक्यावर जून महिन्यातल्या सकाळी उभं राहिलं की वेगळं ठाणं दिसतं. पिवळ्या बसमध्ये बसणारी मुलं वेगळी, रिक्षात दाटीवाटीनं कोंबलेली वेगळी आणि आईचं बोट धरून महापालिकेच्या शाळेकडे चालत निघालेली वेगळी. गणवेशाच्या रंगावरून बापाचं उत्पन्न जवळपास अचूक सांगता यावं, अशी आपल्या शहराची स्थिती झाली आहे. देवीच्या रांगेत आपण एकत्र उभे राहतो ते अर्धा तास. वर्गात मूल वर्षाचे दोनशेहून अधिक दिवस बसतं, आणि तिथे आपण आपल्या मुलांना एकमेकांपासून काळजीपूर्वक वेगळं ठेवलं आहे.

एखाद्या समाजाचं खरं मत त्याच्या भाषणांत किंवा सणांत सापडत नाही. ते शाळेच्या पटावर सापडतं. कुणाचं मूल कुणाच्या मुलाशेजारी बसलेलं चालेल, याचा निर्णय प्रत्येक घरात होतो आणि त्या सगळ्या निर्णयांची बेरीज पटावर उतरते. आपल्या शहरातल्या बऱ्याच शाळांच्या पटांवर आज शेजार उरलेला नाही. तो परत आणण्याचा एक कायदेशीर मार्ग आपल्याकडे आहे. शिक्षण हक्क कायद्यानं (आरटीई) खाजगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या पंचवीस टक्के जागा परिसरातल्या वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या आहेत. या पंचवीस टक्क्यांकडे आपण गरिबांवर केलेला उपकार म्हणून पाहतो. हीच मोठी चूक आहे. त्या जागा उरलेल्या पंच्याहत्तर टक्के मुलांच्याही शिक्षणासाठी आहेत, आणि हे सुशिक्षित मध्यमवर्गाला पटत नाही तोवर तो कायदा कागदावर जिवंत आणि वर्गात मेलेला राहील.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलानं प्रवेश मागितला आणि त्याला नकार मिळाला. त्या एका अर्जावरून मुंबई सरकारला, कंपनीच्या अधिकाऱ्यांना आणि पुढे थेट लंडनला लिहावं लागलं. अधिकाऱ्यांचं तेव्हाचं म्हणणं असं की, या एका मुलाला घेतलं तर बाकीची सगळी मुलं शाळा सोडतील आणि शाळाच ओस पडेल. दोन वर्षांनी, १८५८ साली, सरकारी खर्चानं चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या असल्याचं जाहीर झालं. तो जाहीरनामा प्रत्यक्षात उतरायला पिढ्या गेल्या. डॉ. आंबेडकरांना लहानपणी साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागलं, ते या जाहीरनाम्यानंतर कित्येक वर्षांनी. म्हणजे नाव पटावर चढलं तरी मूल वर्गात आलेलं नसतं, हा धडा आपल्या इतिहासात तेव्हापासून लिहिलेला आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी हा धडा नेमका ओळखला होता. १९१७ साली त्यांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. हा दुसरा हुकूम मला पहिल्याइतकाच, किंबहुना थोडा जास्तच मोलाचा वाटतो. वेगळ्या शाळेतही मूल लिहायला-वाचायला शिकलं असतं. महाराजांना त्याहून अधिक काही हवं होतं. भाऊराव पाटलांनाही तेच हवं होतं. त्यांनी साताऱ्यात १९२४ साली सुरू केलेल्या वसतिगृहात सगळ्या जातिधर्मांची मुलं एका पंगतीत जेवत, एकत्र राबत आणि एकत्र अभ्यास करत. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेचा पुढचा सगळा विस्तार त्या पंगतीतून झाला आहे.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मार्च १९१० मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला, पुढच्या वर्षी विधेयकही आणलं, आणि ते फेटाळलं गेलं. त्या ठरावानंतर शंभर वर्षांनी, १ एप्रिल २०१० रोजी, शिक्षण हक्क कायदा देशात लागू झाला. मधल्या काळात कोठारी आयोगानं १९६६ मध्ये परिसरातल्या सगळ्या मुलांची एकच सामाईक शाळा असावी असं सुचवलं होतं. एका वस्तीतलं प्रत्येक मूल त्या वस्तीतल्या शाळेत जाईल, मग त्याचा बाप कोणीही असो. ती शिफारस आपण कधी मनावर घेतली नाही. पंचवीस टक्क्यांची तरतूद हा त्या मोठ्या कल्पनेचा उरलेला चतकोर आहे.

या चतकोरावरही किती वेळा हात पडला ते पाहावं. खाजगी शाळा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. एप्रिल २०१२ मध्ये न्यायालयानं तरतूद वैध ठरवली. मे २०१४ च्या निकालानं अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा कायद्याच्या कक्षेबाहेर गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाबद्दल शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असं म्हटलं. पण सर्वांत मोठा घाव आपल्याच राज्यानं घातला. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारनं नियम बदलले. खाजगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खाजगी शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट मिळाली.

वाचायला हा नियम साधा वाटतो. तो टेंभी नाक्यावर लावून पाहिला की त्याचा अर्थ उघडतो. नाक्यावर बी. जे. हायस्कूल आहे. नौपाड्यात, जांभळी नाक्याकडे, स्टेशनच्या वाटेवर जुन्या अनुदानित शाळा आहेत. महापालिकेच्या शाळा वेगळ्याच. जुन्या ठाण्यात एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा नाही, अशी जागा शोधूनही सापडणार नाही. कल्याणच्या टिळक चौकात आणि डोंबिवलीच्या फडके रोडवरही हेच. म्हणजे ज्या दाट वस्तीत गरीब आणि श्रीमंत खरोखर शेजारी राहतात, तिथेच कायदा संपला असता. पालकांनी त्या नियमाला आपल्या परीनं उत्तर दिलं. बदललेल्या नियमांनुसार अर्ज मागवले तेव्हा राज्यभरातून ते जेमतेम सत्तर हजारांच्या घरात आले. त्याच्या आदल्या वर्षी साडेतीन लाखांहून अधिक अर्ज होते. ६ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं नियमाला स्थगिती दिली आणि १९ जुलैला तो रद्द केला. संसदेनं केलेल्या कायद्यानं दिलेला हक्क राज्याच्या नियमानं काढून घेता येत नाही, हे त्याचं सार. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही शाळांच्या संघटनेचं अपील फेटाळलं. त्या वेळी सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी सांगितलेली गोष्ट प्रत्येक पालकसभेत वाचून दाखवावी अशी होती. गरीब मुलांबरोबर शिकल्यानं सधन घरांतल्या मुलांनाही आपला देश खरा कसा आहे ते कळेल, असा तिचा आशय होता.

न्यायालयात हा प्रश्न सुटला. घराघरांत तो सुटलेला नाही. मी ठाण्यातल्या एका शाळेच्या पालकसभेला हजर होतो. चांगल्या नोकरीतले, सभ्य, वाचन करणारे एक गृहस्थ उठले आणि अतिशय मृदू आवाजात म्हणाले की आरटीईच्या मुलांची तुकडी वेगळी केली तर त्यांनाही बरं पडेल, त्यांना दडपण येणार नाही. सभेतल्या बऱ्याच माना होकारार्थी हलल्या. मुख्याध्यापिकांनी ठामपणे नकार दिला, याचं मला समाधान वाटलं. पण त्या माना कुणाच्या होत्या, हे मी विसरू शकत नाही. त्या माझ्याच ओळखीच्या माणसांच्या होत्या. धारवाडच्या अधिकाऱ्यांची भाषा आता कुणी वापरत नाही. तीच गोष्ट आपण काळजीच्या स्वरात बोलायला शिकलो आहोत.

या पालकांच्या मनात एक भीती असते आणि तिला तुच्छतेनं झटकून टाकणं योग्य होणार नाही. आपल्या मुलाचा अभ्यास मागे पडेल, भाषा बिघडेल, संगत बिघडेल, ही ती भीती. ती तपासून पाहता येते आणि ती तपासली गेली आहे. दिल्लीत खाजगी शाळांना गरीब मुलांसाठी जागा राखून ठेवण्याची सक्ती शिक्षण हक्क कायद्याच्या आधीच, २००७ पासून सुरू झाली होती. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी त्या शाळांतल्या सधन मुलांचा अभ्यास केला. तो २०१९ मध्ये अर्थशास्त्राच्या एका अग्रगण्य अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्र असलेली सधन मुलं अधिक उदार झाली, इतरांना मदत करायला अधिक तयार झाली, आणि खेळासाठी जोडीदार निवडताना गरीब मुलाला डावलण्याचं प्रमाण त्यांच्यात कमी झालं. अभ्यासाचं काय झालं? हिंदी आणि गणितात फरक पडला नाही. इंग्रजीच्या गुणांत किंचित घट दिसली. ही किंचित घट मी लपवत नाही. पण आपण आपल्या मुलांना इंग्रजीचे दोन गुण आणि माणूसपण यांतलं काय निवडायला शिकवतो आहोत, हे प्रत्येक आईबापानं स्वतःला विचारावं.

शाळाचालकांची तक्रारही ऐकून घ्यायला हवी, कारण ती बरीचशी खरी आहे. कायद्यानुसार या मुलांचा खर्च सरकारनं शाळेला द्यायचा असतो. महाराष्ट्रात तो दर वर्षाला एका मुलामागे १७,६७० रुपये असा ठरलेला आहे, आणि कोरोनाच्या वर्षात तर तो ८,००० रुपयांवर आणला होता. ही रक्कम वेळेवर येत नाही. वर्षानुवर्षांची थकबाकी साचली आहे. मोठ्या संस्थेला ती झेपते. कळव्यात, दिव्यात किंवा कोळसेवाडीत भाड्याच्या इमारतीत चालणाऱ्या छोट्या शाळेचा मात्र त्यात शिक्षकांचा पगार अडकतो. सरकारनं स्वतःचं देणं थकवायचं आणि कर्तव्याची आठवण फक्त शाळेला करून द्यायची, हे अन्यायाचं आहे. प्रबोधन करणाऱ्यांनी मंत्रालयालाही तितक्याच स्पष्टपणे हे सांगितलं पाहिजे. पण देणं सरकारकडे थकलं असताना त्याची वसुली सात वर्षांच्या मुलाकडून करायची नसते. सहलीला त्याला मागे ठेवायचं, संमेलनाच्या नाचात घ्यायचं नाही, वह्या-पुस्तकांचा संच शाळेतूनच विकत घेण्याची सक्ती करायची, हे सगळं अजून चालतं. केंद्राच्या २०१० च्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की या मुलांना वर्गात वेगळं बसवायचं नाही, त्यांच्यासाठी वेगळ्या वेळी वा वेगळ्या जागी वर्ग भरवायचे नाहीत, आणि पुस्तकं, गणवेश, ग्रंथालय, खेळ यांत भेदभाव करायचा नाही. हा नियम किती मुख्याध्यापकांनी आपल्या शिक्षकखोलीत लावला असेल?

आता या पंचवीस टक्के जागा ज्या लॉटरीनं भरतात, तिच्याकडे वळू. ऑनलाइन सोडत निघते, संगणक नाव काढतो, त्यात कुणाचा हात नसतो, आणि म्हणून व्यवस्था न्याय्य आहे असं आपण समजतो. पण अमेरिकेतला अनुभव पाहा. तिथे चार्टर शाळा नावाच्या शाळा आहेत. पैसा सरकारी आणि कारभार स्वतंत्र असं त्यांचं स्वरूप. त्यांचा पहिला कायदा १९९१ मध्ये मिनेसोटा राज्यानं केला. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर तिथेही सोडतच काढतात. तरीही त्यांतल्या अनेक शाळांत एकाच वंशाची किंवा एकाच आर्थिक थराची मुलं गोळा होतात, यावर तिथे वर्षानुवर्षं वाद चालू आहे. कारण उघड आहे. सोडत निष्पक्ष असली तरी चिठ्ठी टाकायला कोण पोचतो, हे सोडतीच्या आधीच ठरलेलं असतं. म्हणून काही ठिकाणी गरीब घरांतल्या मुलांच्या अर्जाला सोडतीत जास्त वजन देण्याची पद्धत आली.

आपल्याकडे चिठ्ठी टाकायला काय लागतं ते बघा. रहिवासी पुरावा लागतो आणि भाड्याच्या घरात राहत असाल तर नोंदणी केलेला करारनामा लागतो. लोकमान्यनगर, इंदिरानगर, वागळे इस्टेटच्या मागच्या गल्ल्या इथे किती घरमालक भाडेकरूला नोंदणीकृत करारनामा करून देतात? ऑनलाइन अर्जातल्या नकाशावर घराच्या जागी खुणेचा बलून ठेवावा लागतो. सायबर कॅफेवाल्यानं तो दोन गल्ल्या सरकवून ठेवला की कागदपत्रांच्या पडताळणीत अर्ज बाद. जातीचा दाखला मूळ गावाकडून आणायचा असतो. दुर्बल घटकातल्या पालकाला वर्षाला एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला लागतो. एक लाख म्हणजे महिन्याला साधारण आठ हजार तीनशे रुपये. ठाण्यात सोसायटीच्या गेटवर बारा तास उभा राहणारा रखवालदार आणि चार घरची धुणीभांडी करणारी त्याची बायको मिळून यापेक्षा जास्त कमावतात आणि तरीही महिनाअखेरीला उसनवारी करतात. मग हे जोडपं एक तर हक्काला मुकतं किंवा खोटा दाखला काढतं. प्रामाणिक गरिबाला खोटं बोलायला लावणारी ही मर्यादा कित्येक वर्षं तशीच ठेवली आहे, ही राज्याला शोभणारी गोष्ट नव्हे. वंचित गटांतल्या मुलांना उत्पन्नाची अट नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण जातीचा चटका पगारवाढीनं शमत नाही. पण त्या गटांतही जो सर्वांत तळाशी आहे त्याचं नाव सोडतीत आधी यावं, अशी रचना व्हायला हवी.

आणि ज्यांना पत्ताच नाही त्यांचं काय? तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ साली सिग्नल शाळा सुरू झाली. समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिका यांनी मिळून ती उभी केली. सिग्नलला गजरे आणि खेळणी विकणारी, पुलाखालीच राहणारी मुलं तिथे शिकू लागली, आणि त्यांतली काही दहावीच्या पुढेही गेली. ज्यांनी हे उभं केलं त्यांच्यासमोर मी हात जोडतो. शाळेनं मुलापर्यंत चालत जावं, हे त्यांनी करून दाखवलं. पण ही शाळा काढावी लागली, यात आपल्या शहराबद्दल काहीतरी सांगितलं गेलं आहे. त्या पुलापासून चालत जाण्याच्या अंतरावर कितीतरी चांगल्या शाळा होत्या. त्यांच्या पटावर या मुलांना जागा झाली नाही, म्हणून पट पुलाखाली न्यावा लागला.

पंचवीस टक्क्यांची चर्चा करताना आपण आणखी एक गोष्ट सोयीनं विसरतो. शाळांमधला शेजार खाजगी शाळांनी मोडला, हे अर्धंच खरं आहे. तो आधी आपण मोडला. वागळे इस्टेट १९६० च्या दशकात उभी राहिली, पोखरण रस्त्यावर आणि बेलापूर पट्टीत कारखाने आले, आणि त्या काळातल्या ठाण्यातल्या मराठी शाळांमध्ये कारखान्यातल्या फिटरचा मुलगा, डॉक्टरांची मुलगी आणि कोळीवाड्यातला पोरगा एका बाकावर बसत. त्या वर्गांतही जात होती आणि गरिबाची हेटाळणीही होती. त्या काळाला मी सोनेरी म्हणणार नाही. पण निदान एकमेकांची नावं माहीत होती, घरं माहीत होती, डबा कुणाकडे काय असतो ते माहीत होतं. पुढे त्या बाकावरच्या सुशिक्षित मुलांनी स्वतःची मुलं त्या शाळांमधून काढली. मराठी शाळांची पटसंख्या घसरली, तुकड्या बंद पडल्या. महापालिकेच्या शाळांत तर फक्त तीच मुलं उरली, ज्यांना दुसरीकडे जाणं परवडत नाही. जिथे बोलू शकणाऱ्या, अर्ज लिहू शकणाऱ्या, नगरसेवकाला जाब विचारू शकणाऱ्या पालकांची मुलं नसतात, तिथलं गळकं छप्पर गळतच राहतं. शाळा वाईट झाली म्हणून आपण गेलो असं आपण सांगतो. आपण गेलो म्हणून ती वाईट झाली, हे त्याच्याइतकंच खरं आहे.

म्हणून माझं म्हणणं फक्त खाजगी शाळांपुरतं नाही. ज्या कुटुंबांना शक्य आहे त्यांनी परिसरातल्या महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांकडे पुन्हा पाहावं. दहा मध्यमवर्गीय घरांनी ठरवून एकत्र प्रवेश घेतला तर एका तुकडीचं चित्र बदलतं. एकटं घर घाबरतं. दहा घरं मिळून शौचालयाच्या दारापासून गणिताच्या शिक्षकापर्यंत प्रत्येक गोष्टीचा पाठपुरावा करू शकतात, आणि त्याचा फायदा त्या वर्गातल्या चाळीसही मुलांना होतो.

सहावी ते आठवीच्या वर्षांवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण मिसळण्याची खरी परीक्षा तिथे होते. पहिलीतली मुलं कुणाचीही पेन्सिल घेतात, कुणाच्याही डब्यात हात घालतात. अकरा-बारा वर्षांची झाली की त्यांना मोबाइल दिसतो, बूट दिसतात, वाढदिवस कुठल्या हॉटेलात झाला ते कळतं, इंग्रजी कुणाचं अडखळतं ते ऐकू येतं. याच वर्षांत आरटीईतून आलेल्या मुलाच्या मागच्या बाकावर जाण्याला सुरुवात होते. घरी इंग्रजी समजणारं कुणी नसतं, विज्ञानाच्या प्रकल्पाला रंगीत प्रिंट आणि इंटरनेट लागतं, वर्गातल्या बाकीच्यांना शिकवणी असते. तो गप्प होतो. शिक्षक समजतात, त्याला रस नाही. इतकी वर्षं याच शाळेत काढलेलं मूल सातवीत शाळा सोडतं आणि त्याची जागा पुन्हा सोडतीत येत नाही, कारण प्रवेश फक्त पहिल्या टप्प्यावर होतो. पट पंचवीस टक्क्यांनी सुरू होतो आणि वर चढता चढता विरळ होत जातो. कुठल्या वर्गात किती मुलं उरली याचा हिशोब प्रत्येक शाळेनं दरवर्षी जाहीर करावा, अशी सक्ती शिक्षण विभागानं केली पाहिजे. प्रवेशाचे आकडे छापून येतात, टिकलेल्यांचे येत नाहीत.

या वयात मुलांना एकत्र ठेवायला भाषणं पुरत नाहीत. एकत्र काम लागतं. वर्गातली बसण्याची जागा दर महिन्याला बदलली पाहिजे. प्रकल्प शाळेच्या वेळेत आणि शाळेच्या साहित्यावर झाला पाहिजे. वाढदिवसाचं आमंत्रण सगळ्या वर्गाला किंवा कुणालाच नाही, एवढा साधा नियम एखाद्या वर्गशिक्षिकेनं केला तरी सहावीतल्या कितीतरी रडण्यांना आळा बसेल. शाळा सुटल्यावर तासभर अभ्यासिका उघडी ठेवली आणि तिथे आठवीची मुलं सहावीच्यांना शिकवू लागली, तर कोण कुठल्या कोट्यातून आला हे कुणाच्या ध्यानातही राहणार नाही. कबड्डीत, लेझीमच्या पथकात, नाटकात भूमिका वाटताना शिक्षकानं जाणीवपूर्वक मिसळावं. यातल्या एकाही गोष्टीला सरकारी अनुदान लागत नाही.

आणि मग येते नववी. शिक्षण हक्क कायदा चौदा वर्षांपर्यंत, आठवीपर्यंतच साथ देतो. आठवीचा निकाल हातात पडतो आणि त्याच महिन्यात पालकाच्या हातात नववीच्या पूर्ण फीचं पत्रक येतं. त्या शाळेत नऊ-दहा वर्षं काढलेल्या मुलाला दहावीच्या उंबरठ्यावर बाहेर पडून दुसऱ्या माध्यमाची, दुसऱ्या अभ्यासक्रमाची शाळा शोधावी लागते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते अठरा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचा विचार मांडला. कायदा मात्र अजून आठवीच्या दारात उभा आहे. संसदेनं तो पुढे न्यावा ही मागणी आपल्या खासदारांकडे लावून धरायची आहेच. पण तोवर प्रत्येक जूनमध्ये एक तुकडी बाहेर पडत राहणार.

हे शहर ती तुकडी सांभाळू शकतं, असा माझा ठाम विश्वास आहे. टेंभी नाक्यावर आणि ठाणे, कळवा, कल्याण, डोंबिवलीच्या प्रत्येक चौकात मंडळं आहेत. त्यांच्याकडे वर्गणी आहे, तरुण पोरांची फौज आहे, आणि कुठल्या चाळीत कोण राहतं याची जितकी माहिती त्यांना आहे तितकी शिक्षण विभागाला नाही. दहीहंडीच्या बक्षिसांचे आकडे दरवर्षी लाखांत जाहीर होतात. त्यातला काही भाग नववी आणि दहावीच्या फीसाठी बाजूला निघावा. साधारणपणे नव्या वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत आरटीईचे अर्ज सुटतात. त्या काळात प्रत्येक मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी दोन मुलं लॅपटॉप घेऊन बसावीत, बलून बरोबर जागी ठेवून द्यावा, दाखल्यांची यादी मराठीत, हिंदीत आणि उर्दूत बाहेर लावावी. सिव्हिल रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या आईला तिथेच जन्मनोंद आणि पुढे लागणारे कागद समजावून सांगणारं कुणीतरी असावं. शाळांच्या विश्वस्तांनी आठवीपर्यंत आलेल्या मुलाला दहावीपर्यंत त्याच फीत, म्हणजे बिनफीत, ठेवण्याचा ठराव आपल्या बैठकीत करावा. एका वर्गात अशी पाच-सहा मुलं असतील. त्यांच्या दोन वर्षांचा खर्च उरलेल्या पालकांमध्ये वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला जी रक्कम येईल ती शाळेच्या वार्षिक सहलीच्या खर्चापेक्षा फार मोठी नसेल. पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घाला, आणि तो मांडायला आरटीईतून आलेल्या मुलाच्या आईची वाट पाहू नका.